एकवीस ऑक्टोबरचं फूल

—नाही हो, टाइप करताना काही चुकलेलं नाही. एकवीस ऑक्टोबर म्हणजे एकवीस ऑक्टोबर. लेबलवर असेल तेच आम्ही कॉम्प्युटरात घालतो, पदरचा काना नाही की मात्रा नाही. बसा ना, उभ्या का—ते नको, त्याचा एक पाय लुळा आहे—हं, ते स्टूल घ्या. पिशवी खाली. या टेबलावर फक्त कागद आणि धुतलेले हात, तिसरं काही नाही, हा इथला नियम—आणि तो लोखंडी ठोकळा राहू दे, उचलू नका, दिसतो त्याहून जड आहे. डिंक लावलेली डहाळी कागदाला चिकटेपर्यंत तिच्यावर तो ठेवायचा असतो, नाहीतर ती वर उठते. मेलेली असली तरी उठते, वाळलेली झाडं काही कमी हट्टी नसतात. तुम्ही सहा तास गाडीत बसून आलात ना, फक्त एक तारीख विचारायला? मग या हर्बेरियमात काय चालतं ते सगळंच बघून जा. जिवंत झाड तोडायचं, वर्तमानपत्रात घालून दाबायचं, त्याच्यातलं पाणी टीपकागदाला पाजायचं, मग आठवडाभर बर्फात, म्हणजे आतली कीड मरते. मग कागदावर चिकटवायचं, आणि देठ जाड असेल तर सुईदोऱ्यानं शिवून टाकायचं. की शंभर वर्षं कपाटात. आता शंभर वर्षांनी पुन्हा बाहेर काढून कॅमेऱ्याखाली—दोन्हीकडून दिवे, एक खट् आवाज, झाला फोटो, गेला जगभर. दोन वर्षांत सोळा हजार कागद केले मी. कत्तलच म्हणा, फक्त नीट नंबर घातलेली.

हो हो, तुमचा आलेख कळला मला, मी काही अगदीच ढ नाही. एकेक ठिपका म्हणजे एकेक कागद—झाड कुठल्या तारखेला तोडलं, तेव्हा कळी होती, फूल होतं की फळ. साठ वर्षांचे ठिपके ओळीनं लावले की बहर अलीकडे सरकताना दिसतो. किती म्हणालात, नऊ दिवस? साठ वर्षांत नऊ? बरं. आणि या एका झुडपाचे, फुलावर असतानाचे, चौसष्ट ठिपके. त्यातले त्रेसष्ट शहाण्यासारखे सप्टेंबरात, पाच ते अठरा. आम्ही इथे तिला घाईची म्हणतो—कड्यावरची ती पांढरी—घाईघाईनं फुलते आणि घाईघाईनं गळते, दोन आठवड्यांत कारभार आटोपला. आणि हा एकटा लाल ठिपका तिकडे ऑक्टोबरात जाऊन बसलाय, भर फुलात, पाच आठवडे उशिरा. तुमची रेघ मागे ओढतोय. मग असेल की. एखादं वर्ष तसं असतं, एखादं झाड चुकार असतं, माणसं नाही का पन्नाशीत लग्नं करत? हसा थोडं, विनोद केला. तो कागद बाहेर हॉलमध्ये काचेत लावलेला होता—येताना फोटोशेजारी रिकामा खिळा दिसला असेल. फोटोखालची पाटी वाचलीत? 'फुलासाठी ज्यांनी प्राण दिला.' ते आमचे हे. हो, माझे यजमान. कड्यावरून पडले, एकवीस ऑक्टोबरला, गुरुवारी. पाठीवर झाडं दाबायचा प्रेस, आणि प्रेसमध्ये ते फूल. माणूस मोडला पण फूल शाबूत राहिलं, यावर इथल्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं होतं. बायका रडल्या. मीही रडले, रडायचंच होतं. एकतीस वर्षं झाली त्याला.

खरं सांगायचं तर तो कागद मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. म्हटलं काच आहे, फ्रेम आहे, कशाला उगाच खोला. आणि जूनमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस घरी पडून होते, तर इथल्यांना माझ्या प्रेमाचं भरतं आलं—'मावशी येईपर्यंत काकांचा कागद करून ठेवू, त्यांना बरं वाटेल.' बरं वाटेल. नवा डोळा घेऊन आले तर पहिलं काय दिसलं? खिळा. मला विचारायचं तरी एकदा. तोवर तुमच्या त्या घरबसल्या मदत करणाऱ्या मुलांनी फोटो मोठा करून मोजणीसुद्धा केली होती—सत्तावीस कळ्या, एकेचाळीस फुलं, फळ शून्य. एकतीस वर्षं तो कागद भिंतीवर होता, मोठमोठे शास्त्रज्ञ त्याच्याखाली उभं राहून चहा प्यायले, मोजलं कुणी नाही. सगळे फोटोतल्या माणसाकडे बघायचे. ...हे काय आणखी? दुसरा कागद? आणा इकडे, थांबा, चष्मा—त्याच वर्षीचा? एकोणीस ऑक्टोबर. तोच कडा. कोण हा—अच्छा, शाळामास्तर. रिटायर झाल्यावर छंद म्हणून झाडं आणून द्यायचे, चिकटवायचे इतकं वाईट की त्यांचे सगळे कागद मी पुन्हा केले. शेंगा. सगळ्या शेंगाच. तडकलेल्यासुद्धा. एक फूल नाही, औषधाला नाही. दोनच दिवस आधी, त्याच कड्यावर. आणि खाली आद्याक्षरं माझी—म्हणजे हा मीच केला, मार्चमध्ये, माझ्या हातानं कॅमेऱ्याखाली घातला, आणि मला काही—एका कपाटात दोघे शेजारी असते तर माझ्या नजरेतून सुटले नसते. एक भिंतीवर, एक कपाटात. तुमच्या यंत्रानं दोघांना नेऊन शेजारी बसवलं.

मग टाका ना काढून. चौसष्टातला एक ठिपका, कोण विचारतंय? उकिरड्यावर टाका, त्रेसष्टांवर रेघ ओढा, माझी ना नाही. ...टाकता येत नाही? का बरं? कोण म्हणतं? 'पटत नाही म्हणून कागद टाकायचा नसतो, कारण द्यावं लागतं'—हे तुमच्या बाईंचं वाक्य? तोऱ्यात बोलतात बाई तुमच्या. 'आणि कारण लेबल लिहिणाराच देऊ शकतो.' कोण तुमच्या बाई?

...अगं. अगं मग आधी नाही का सांगायचं? ताकाला येऊन भांडं लपवतेस होय? माझ्या मुलीची विद्यार्थिनी तू, आणि मी मघापासून तुला अहोजाहो करतेय. सरक इकडे, उजेडात ये. कशी आहे गं ती? मला रविवारी फोन करते, अकरा मिनिटं—मी घड्याळ नाही लावत, फोनवरच दिसतं. गोळ्या घेतल्यास का, डोळा कसा आहे, ठेवते. वर्गात हसते का कधी? चिडते? चिडली की काय करते, हात वगैरे—नाही नाही, सहज विचारलं. बापावर जाऊ नये एवढंच. बापाचा फोटो असेल ना तिच्या खोलीत, तोच, कोटातला? भिंतीवर नसेल तर टेबलावर असेल... कुठेच नाही? असेल खणात. आणि या झुडपावर काम कर असं तिनं सांगितलं तुला? तूच निवडलंस. ती काय म्हणाली त्यावर? काहीच नाही म्हणाली. बरं.

तिला एकदा नेलं होतं त्यांनी कड्यावर. एकदाच, सात वर्षांची होती. परत आली ती उन्हानं नाक सोललेलं, आणि आनंद घरात मावत नव्हता—'आई, मी फांदी धरली, बाबांनी कापली, मी धरली म्हणून एकसुद्धा पाकळी पडली नाही.' आठवडाभर तेच पालुपद. हात त्यांचे हळुवार होते, ते नाकारून चालणार नाही. पाकळी मुडपली तर श्वास रोखून, चिमट्यानं सरळ करायचे, फुंकरसुद्धा घालायचे नाहीत. आता माझी बोटं बघ. ही डावी करंगळी, आणि तिच्या शेजारचं हे. सरळ होत नाहीत. थंडीत अशी कळ मारते की दात खाऊन बसावं लागतं. सगळ्यांना सांगितलं दारात सापडली, आणि सगळ्यांना पटलं, बायकांची बोटं काय, दारात सापडायचीच. दार नव्हतं ते. घरी एक प्रेस होता आमच्या, बुकबाइंडरकडून जुना आणलेला, वर लोखंडी पीळ, दांडा फिरवला की फळी खाली येते. एक चूक, एक फेरा. अक्षर चांगलं म्हणून लेबलं मी लिहायचे, त्यांच्या वहीवरून—नंबर, जागा, तारीख. नंबर उलटा पडला, एक फेरा. डाग पडला, एक फेरा. ओरडणं नाही, शिवी नाही, शेजारपाजारचे म्हणायचे किती शांत माणूस. 'हात ठेव' म्हणायचे. खाली-वर टीपकागद घालायचे, लाकडाला डाग नको म्हणून. आणि फिरवायचे, तोंडानं मोजत—एक. मी आवाज केला की दोन. मग सोडवायचे आणि पुढचं लेबल माझ्यापुढे सरकवायचे, लिही. म्हणून डावा हात. उजवा कामाचा ना.

तोंड का पाडलंस? घरोघरी मातीच्या चुली. पाणी पी, इथं नाही, त्या कोपऱ्यात. डिंकाचं एक भांडं होतं, सतत मंद आचेवर—ते एकदा माझ्या पायांवर ओतलं. सांडलं नाही, ओतलं, नीट, झाडाला पाणी घालावं तसं. डिंक निघताना कातडी घेऊन निघतो, तो मी कागद कापायच्या सुरीनं खरवडून काढला. आणि संध्याकाळी त्याच पायांनी मोठ्या साहेबांना चहा दिला. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही आहात म्हणून याचं काम चालतं. त्यांच्या कागदांवरच्या तारखा तू तुझ्या तऱ्हेनं वाचतेस ना, मी माझ्या. तारीख आहे त्या दिवशी ते रानात, म्हणजे मी मोकळी. तारखांना भोक पडलं की ते घरी. कॉम्प्युटरात घालता घालता सगळं पुन्हा ओळीनं समोर आलं—एका जुलैत अकरा दिवस एक कागद नाही, त्या अकरातला दिवसन्‌दिवस मला आठवतो, कुठल्या दिवशी काय. तुझ्या आलेखात त्याला ठिपका नसतो.

तरी मी म्हणेन, त्यांना त्रास झाला नाही. गेले ते पटकन गेले, डॉक्टरनं तसंच लिहिलं. ठोकळा बरोबर कानामागे लागला, तिथं हाड पातळ असतं—

दगड. दगड म्हणाले ना मी? दगड लागला. कड्याखाली काय, दगडच दगड. ...काय बघतेस? हात काढ तुझा त्याच्यावरून. मघाशी सांगितलं होतं, तो उचलू नको म्हणून.

ऐकलंस. हं. उचलली जीभ लावली टाळ्याला—आयुष्यभर नाही केलं ते आज केलं मी, आणि ते पण कुणापुढे, तर तिच्या विद्यार्थिनीपुढे. दार लोट ते. कडी नको, नुसतं लोट. आता अर्धं ऐकून जाशील आणि उरलेलं स्वतःच रचशील, त्यापेक्षा पुरतं ऐक. गुरुवारच होता, तेवढं खरं. दुपारचे साडेचार. दोन लेबलांची माझ्या हातून अदलाबदल झाली होती. दोन कागद म्हणून दोन चुका, दोन फेरे. दोन झाले, तो सोडवेना. तिसरा फिरवला. मी म्हटलं, दोनच होत्या. त्यानं चौथा फिरवला, आणि बोट मोडलं, मला ऐकू आलं मोडलेलं. उजवा हात मोकळा होता माझा. कामाचा म्हणून त्यानंच मोकळा ठेवला होता, दर वेळी. आणि हा ठोकळा हाताशी. हो, हाच, घरून मी इथं आणला, कुठे टाकणार होते? एकदा मारला. एकदा नाही. पहिल्यानं तो नुसता खाली बसला, माझ्याकडे बघत, नवल वाटल्यासारखा. माझा डावा हात अजून प्रेसमध्ये, मी त्या टेबलाला बांधलेली—तो उठला असता तर? तू सांग, उठला असता तर? म्हणून दुसरा. म्हणून तिसरा. वाकून वाकून मारले, प्रेस ओढत, एवढं जड टेबल जागचं हललं. कपाळ, गाल, दिसेल तिथं. नंतर तो दिसायचा बंद झाला, नुसतं लाल दिसत होतं, तरी मारत होते. थांबले ती दमले म्हणून, दया आली म्हणून नाही. मग उजव्या हातानं फेरे उलटे सोडवले, एकेक. तोंडानं मोजत होते मी. सवय. मुलगी शाळेत होती. शाळा पाचला सुटते. पाचला.

भाऊ होता माझा, टेम्पो चालवायचा, लोकांचं फर्निचर पोचवायचा. बोलावलं. त्यानं आधी माझा हात बघितला, मग खाली त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, कपाटाचं खोकं आहे गाडीत. कड्याच्या मागच्या अंगानं टेम्पो वरपर्यंत चढतो, आणि दिवेलागणीला तिथं चिटपाखरू नसतं. भाऊ गेला चार वर्षांपूर्वी, त्याला आता कोण काय करणार. पण पाठीवर प्रेस हवा ना. तो रानातला, पट्ट्यांचा. आणि रिकाम्या प्रेसनं तो कधी कड्यावरून उतरला नव्हता, सगळ्यांना माहीत होतं, मग मेला तरी रिकाम्या प्रेसनं कसा मरेल? वाळत घातलेल्या गठ्ठ्यातलं एक घेतलं आणि दिलं घालून. चार दिवसांनी सापडला, तोवर ताजं असतं तरी वाळलंच असतं, कुणी काही बोललं नाही. आता गंमत बघ. मी, जिनं हजारो झाडं चिकटवलीत, जिला कळी बघून महिना सांगता येतो—मी बघितलं नाही हातात काय आहे ते. दुसऱ्या कुठल्या बाईची चूक समजू शकते, माझी नाही. रक्त पुसताना फरशीचा सांधा न्‌ सांधा बघितला, पीळ तेलानं पुसला, नखं सुईनं कोरली, आणि फूल नाही बघितलं. सप्टेंबरचं फूल, ऑक्टोबरात मेलेल्याच्या पाठीवर.

महिन्यानं मोठ्या साहेबांनी मला इथं नोकरीला लावलं. पहिलं काम काय दिलं असेल? त्याच कागदाचं लेबल. वहीत त्या फांदीची नोंद असणारच, तो लिहिल्याशिवाय काही तोडत नसे—म्हणून वहीची शेवटच्या दोन महिन्यांची सगळी पानं मी त्या गुरुवारीच फाडून जाळली होती. वाचलीही नाहीत. साहेब म्हणाले, तारीख शेवटच्या दिवसाची घाला. घातली. अक्षर जरासुद्धा हललं नाही, बघ जाऊन. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण राहिलं की गं, एकतीस वर्षं राहिलं. आता तुला कारण हवं ना? घे माझ्याकडून. लिही—लेबलांची अदलाबदल झाली, लिहिणारीची चूक, लिहिणारी कबूल करते. मी सही देते खाली. असली चूक प्रत्येक हर्बेरियममध्ये होते, कुणी भुवई उचलणार नाही. तुझा कागद बाद होईल, रेघ सरळ होईल, काम फत्ते. मला पकडून नेलं तर नेऊ देत, मला त्याचं काही नाही, साठी उलटलीय माझी. पण तिला कळता कामा नये. बाप फुलासाठी गेला, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी राहिली, शिकली, तुझ्यासारख्या पोरींना शिकवतेय. बाकी तिचं लहानपण मी नीट ठेवलं नाही, तेवढं तरी ठेवू दे. तुझ्या आईची शपथ घे हवं तर, पण तिच्यापुढे तोंड उघडायचं नाही.

काय? काय काढतेस? पाकीट—तिनं दिलंय? माझ्यासाठी? मग आल्या आल्या का नाही दिलंस? 'आधी विचार, आणि ती कारण देईल, मग हे दे.' असं म्हणाली. बरं. नको, सुरी नको, मी फाडते.

कपटा आहे नुसता. आत आणखी काही नाही ना? बघ बरं उलटं करून. अक्षर तिचंच. 'बारा सप्टेंबर, रविवार.' बस. आई नाही, काही नाही, सही नाही. बारा सप्टेंबर, रविवार.

रविवार होता म्हणून तर नेलं होतं तिला. शाळा नव्हती.

ती पानं मी जाळली. ही तारीख जगात कुठे लिहिलेली नव्हती.

बस तू. जाऊ नको लगेच. शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. चार फेरे दिले म्हणाले ना मी तुला, ते खोटं. दोनच दिले त्यानं. दोन चुकांना दोन, नियमाबाहेर तो कधी गेला नाही. दोन फिरवले आणि मान वळवून दाराकडे बघितलं, आणि मला दिसली, दप्तर पाठीवर, उभी. तो म्हणाला, 'ये, आता तूही लेबलं लिहायला शीक. हात आण.' आणि तिनं आणला. जवळ येऊन पुढे केला. डावा. कुणी सांगितलं नव्हतं तिला, डावा म्हणून. तेव्हा मी ठोकळा उचलला. माझ्या बोटासाठी नाही उचलला, माझी बोटं आणखी दहा वर्षं मोडली असती तरी मी गप्प बसले असते, तेवढी मी घाबरट होते. सगळं तिच्यासमोर झालं. ती रडली नाही. नंतर मी तो पट्ट्यांचा प्रेस उघडून नुसतीच बसले होते, काय घालावं ते सुचेना, डोकं चालेना, तर तीच उठली, गठ्ठ्यातून एक वर्तमानपत्र काढलं आणि म्हणाली, 'हे घाल, आई, हे सगळ्यात नीट आहे.' मी फूल बघितलंच नाही गं. मी तिचे हात बघत होते, धुवायचे राहिले होते. तिनं स्वतःची फांदी दिली, जी तिनं धरली होती. मी म्हटलं, तू शाळेत होतीस, कळलं? ती म्हणाली, कळलं. त्यानंतर एकतीस वर्षं मी तिच्यापासून लपवलं आणि तिनं माझ्यापासून. दर रविवारी अकरा अकरा मिनिटं.

उघड तुझा तो कॉम्प्युटर. उघड, नंतर नाही, आत्ता, माझ्यासमोर. कागद बाद करायचा नाही. तारीख खोड. बारा सप्टेंबर घाल. त्यांच्यात बसतो ना आता तो ठिपका, त्या त्रेसष्टांत? दाखव. हं, बसला. शेऱ्याच्या रकान्यात लिही—आधीची तारीख खोटी, लेबल लिहिणारीनं मुद्दाम घातलेली. मुद्दाम हा शब्द गाळू नकोस. खाली माझं नाव, पूर्ण. कुणी विचारायला आलं तर नऊ ते पाच मी इथंच असते. मुद्दाम का, ते त्यांनी मला विचारावं, दुसऱ्या कुणाला नाही. संग्राहक तोच राहू दे. फांदी कुणी धरली, त्याला आपल्याकडे रकाना नाही, कुठल्याच लेबलवर नसतो, तो तू नव्यानं काढायचा नाहीस. एकदा बोलून दाखव—रकाना नाही. हं.

तिला सांग... नको, काही नको सांगू. फोन येईल रविवारी.

झालं? मग ऊठ. स्टूल जागेवर सरकव. ठोकळा मी ठेवते, तू हात लावू नकोस. आणि जाताना दार नीट ओढून घे, उघडं राहिलं की दमट हवा येते आणि कागद सगळे वर उठतात. जा.